गार लाकूड

डिसेंबरातल्या पहाटेची गोष्ट. आई देवरुखहून येऊन चारच दिवस झाले होते. साडेपाचच्या सुमाराला तिच्या खोलीतला दिवा लागला, म्हणून मी चहाचं आधण ठेवायला उठले. दार अर्धवट लोटलेलं होतं. आई पलंगाच्या कडेला बसली होती, शाल खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेली. तिने उजवा पाय खाली टेकवला आणि चटका बसावा तसा वर घेतला. मग वाकून तळहाताने जमीन चाचपली, बोटं फळीच्या रेघांवरून फिरवली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "अगं, लाकूड ना हे? मग इतकं गार कसं?"

"लाकूड नाही आई, लादी आहे. लाकडासारखी दिसते फक्त."

"हां," म्हणाली, आणि पायाने चपला शोधायला लागली.

एवढंच झालं. चहा झाला, पेपर आला, आईने गॅलरीतल्या कुंडीतली जास्वंद देवासाठी काढून आणली. पण तो झटकन वर घेतलेला पाय दिवसभर माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. कारण ती लादी मी निवडली होती, आणि आईची खोली म्हणून मुद्दाम निवडली होती. कोथरूडमधलं आमचं हे घर पस्तीस वर्षांचं. खाली मोझाइकच्या लाद्या होत्या, मधोमध पिवळट पडलेल्या, कडांना तडे गेलेल्या. त्या न फोडता वरूनच नवीन बसवायचं ठरलं, त्यासाठी दारं खालून अर्धा-अर्धा इंच तासून घेतली. 'आईला गावच्या घरासारखं वाटेल' हे वाक्य मी त्या दिवसांत किती जणांना ऐकवलं असेल! दुकानातल्या नमुन्याच्या पाठीवर रंगाचं नाव लिहिलेलं होतं: ओक. ज्या झाडाचं पान मी कधी हातात धरलेलं नाही, त्या झाडाचा रंग मी आईच्या खोलीसाठी निवडला, आणि त्यात तिला गाव दिसेल असं मला मनापासून वाटलं होतं.

दसऱ्याच्या आधीचे तीन शनिवार आम्ही दोघं दुकानं पालथी घालत होतो. आठ इंच रुंद आणि चार फूट लांब अशा त्या टाइल्स तिरक्या घोड्यांवर पुस्तकांसारख्या लावून ठेवलेल्या असतात. एक पुढे ओढली की मागची दिसते. अक्रोड, ओक, पाइन, जुनाट करडं लाकूड, करवतीच्या खुणा असलेलं लाकूड. मोरबीच्या कारखान्यांत मातीच्या पुडीची पाटी दाबून घडवतात, तिच्यावर खऱ्या फळीचं चित्र शाईच्या फवाऱ्याने छापतात आणि बाराशे अंशांच्या आसपास भाजून काढतात. हे सगळं दुकानदाराने मोठ्या आपुलकीने सांगितलं. त्याने बाटलीतलं पाणी टाइलवर ओतलं, किल्लीने खरवडून दाखवलं, ओरखडा उठला नाही. "ताई, तीस वर्षं बघायला नको," म्हणाला. मी वाकून हात फिरवला. रेषा खोल होत्या, बोटांना लागत होत्या. दुकानात तेव्हा ऑक्टोबरचा उकाडा होता आणि तो गारवा मला आवडलाच होता. त्यात काही खोट आहे असं तेव्हा माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

आईने विचारल्यानंतर मात्र मी एक केलं. स्वयंपाकघरातला लाकडी पाट तिच्या खोलीत रात्रभर जमिनीवर ठेवला आणि सकाळी भिंतीवरचा छोटा तापमापक आधी पाटावर, मग लादीवर ठेवून बघितला. दोन्हीकडे १९. लादी गार नव्हतीच, म्हणजे पाटापेक्षा जास्त गार नव्हती. फरक इतकाच की लादी तळपायातली ऊब भराभर ओढून घेते, लाकूड ती जवळजवळ तुमच्यापाशीच राहू देतं. लाकडात आत सगळ्या पोकळ नळ्या असतात, झाड जिवंत असताना पाणी वर चढवणाऱ्या. झाड वाळलं की त्या नळ्यांत हवा राहते, आणि ती हवा ऊब अडवून धरते. हे शाळेत शिकले असणार मी. पण माझ्या आईच्या तळपायाला ते न शिकता माहीत होतं. डोळ्यांनी तिला सांगितलं, लाकूड आहे. पायाने सांगितलं, नाही. आणि पहाटेच्या त्या एका क्षणात तिचा डोळ्यांवरचा विश्वास उडाला, हे मला फार लागलं.

तिचा पाय कुठल्या लाकडाच्या भरवशावर होता ते मला माहीत आहे.

देवरुखजवळचं आमचं जुनं घर चिऱ्यांचं. खाली शेणाने सारवलेली जमीन, वर माळा. माळ्याला जाड, वीतभर रुंदीच्या फळ्या, फणसाच्या आणि किंजळाच्या, मधूनच एखादी ऐनाची. घराच्या मागच्या परड्यात जे झाड ज्या वर्षी पडलं त्याची ती फळी, म्हणून रंग एकसारखा कुठेच नव्हता. फळ्यांमध्ये फटी होत्या. पालथं पडून फटीला डोळा लावला की खालचं माजघर दिसायचं, आजीचं पांढरं डोकं, सुपातले तांदूळ, मांजर. चुलीचा धूर त्याच फटींतून वर यायचा. त्या धुराने फळ्या खालून काळ्याभोर झाल्या होत्या आणि त्याच धुरामुळे त्यांना कधी भुंगा लागला नाही. आषाढात खालची जमीन अशी ओलसर व्हायची की गोणपाट टाकून बसावं लागे, पण माळा कोरडा ठणठणीत. भाताची कणगी, नारळ, आमसुलांची बरणी, आंबोशी, आजोबांची ट्रंक, सगळं माळ्यावर. आणि आम्ही मुलंही माळ्यावर. अनवाणी, उघड्या तळव्यांनी त्या फळ्यांवरून पळताना पायाखाली जी ऊब असायची ती खालच्या चुलीची होती की लाकडाची, हा प्रश्न तेव्हा पडला नव्हता. आज वाटतं, दोघांची मिळून होती.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षातच आली नव्हती, ती टाइल बसवून झाल्यावर आली. आमच्या घरात लाकूड जमिनीला कधी नव्हतंच. जमीन शेणामातीची, नंतर कोब्याची, आणखी नंतर शहाबादी फरशीची. लाकूड माळ्याला, तुळईला, वाशांना, दारांच्या चौकटींना. पुण्यातल्या वाड्यांतही तेच. तळमजल्याला फरशी, आणि मान वर केली की कडीपाट. ओळीने कड्या, त्यांच्यावर फळ्यांची तक्तपोशी, तिच्यावर मातीचा थर, आणि तोच वरच्या माडीचा तळ. विश्रामबागवाड्यातले सुरूच्या झाडाच्या घाटाचे सागवानी खांब बघताना लोकांची नजर खांबांवर थांबते, माझी नेहमी वर जाते. शनिवारवाड्याचं काय उरलं ते आपण बघतोच. १८२८ च्या आगीत वरचे लाकडी मजले गेले, खाली दगडी जोती राहिली. आपल्याकडे जमिनीला ओल असते, वाळवी असते, आणि चार महिने पाऊस असतो. लाकूड त्या सगळ्यापासून उचलून वर ठेवायचं, हे शहाणपण होतं. पायाखाली लाकूड पसरायची हौस थंड मुलुखातली, तिथल्या लोकांना त्याची गरज आहे. ती आपल्याकडे चित्रांतून आली. मी काही तिला नावं ठेवत नाही. पण आईला गावासारखं वाटावं म्हणून मी तिच्या पायाखाली जे अंथरलं, ते गावच्या घरात खरं तर डोक्यावर होतं.

माळ्याच्या फळ्यांतल्या गाठी मला तोंडपाठ होत्या. तापात निजवलं की छताकडे बघत पडायचं. तिथे एक घुबड होतं, दोन डोळे आणि चोच. एक मासा होता. एक बाई होती, पाठमोरी, अंबाडा घातलेली. दरवर्षी मे महिन्यात गेलं की ती माणसं आपापल्या जागी असायची. आणि आता या खोलीत, जानेवारीतल्या एका दुपारी, आई पलंगावर पडल्या पडल्या म्हणाली, "ती गाठ बघितलीस? खिडकीखाली आहे, तीच तिथे दाराजवळ पण आहे. आणि कपाटापाशी उलटी." मी बघितलं. खरंच. डोळ्याच्या आकाराची गाठ आणि तिला उजवीकडे गेलेली बारीक चीर, खोलीभर सात ठिकाणी. दुकानदार म्हणाला होता, या डिझाइनमध्ये सहा रँडम आहेत, म्हणजे सहा वेगवेगळी चित्रं, मग तीच पुन्हा. मिस्त्रीने आपल्या परीने त्या फिरवून, उलटसुलट करून बसवल्या होत्या. काम चोख केलं होतं त्याने. लांब टाइल भाजताना मध्ये किंचित कमान धरते, म्हणून सांधा निम्म्यावर न घेता एक तृतीयांशावर घ्यावा लागतो, नाहीतर कड वर येते आणि पायाला अडखळते. हे सगळं त्याने सांभाळलं होतं. पण सहा चित्रांची सातवी तो कुठून आणणार? आईला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, ती नुसती मोजत पडली होती. मला मात्र त्या दिवसापासून ती गाठ जिथे तिथे दिसायला लागली.

मग खरं लाकूड का नाही घातलं, असं बहिणीने विचारलं. तिच्या विचारण्यात टोचणी नव्हती, तिने स्वतः पोळून घेतलं होतं. ठाण्याच्या तिच्या घरात पाच वर्षांपूर्वी लॅमिनेटची जमीन घातली होती. आठ मिलीमीटरची फळी. आत दाबून घट्ट केलेला लाकडाचा भुसा, त्यावर लाकडाचं चित्र छापलेला कागद, त्यावर कडक पारदर्शक थर. फळ्या एकमेकींत खटकन अडकतात, खिळा नाही, गोंद नाही. भिंतीपासून बोटभर जागा सोडतात, फळ्यांना फुगायला, आणि ती फट स्कर्टिंगखाली झाकतात. खाली फोमचा थर असतो, म्हणून चालताना किंचित पोकळ आवाज येतो. मी तिच्याकडे राहिले होते तेव्हा तो आवाज मला खटकला होता, पण पायाला ती जमीन खरंच उबदार लागायची. शेवटी ते लाकूडच, दळलेलं का होईना. पायाशी लॅमिनेट खोटं बोलत नाही. पण पाणी! जुलैत दोन दिवस ती गावाला गेली, खिडकीची एक फट उघडी राहिली, पावसाचं पाणी आत आलं आणि फळ्यांच्या सांध्यांत मुरलं. परत आली तर खिडकीपाशी कडा ओठांसारख्या वर आलेल्या. त्या पुन्हा खाली बसत नाहीत. घासून काढता येत नाहीत, कारण घासलं की चित्रच जातं. आपल्याकडे जमीन पुसायची म्हणजे बादली आणि ओलं फडकं, दिवाळीला तर धुवायचीच. बहिणीकडे कामाला येणाऱ्या मावशींना तिने 'फडकं घट्ट पिळून घ्या' हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी तिला स्वतःलाच ते सांगणं नकोसं झालं. ज्या जमिनीसाठी माणसाला सारखं टोकावं लागतं, ती जमीन घरात असून सुख कसलं?

इतर प्रकारही बघितले होते. खाली प्लाय आणि वर खऱ्या लाकडाचा पापुद्रा असलेल्या फळ्या. पापुद्रा तीन-चार मिलीमीटरचा असेल तर पुढे कधीतरी घासून पुन्हा पॉलिश करता येतो. अर्ध्या मिलीमीटरचा असेल तर पहिल्या घासण्यातच खालचा प्लाय डोकावतो. दुकानात वरून दोन्ही सारख्या दिसतात, म्हणून तुकडा मागून घ्यावा आणि कड बघावी. चुनखडीची पूड आणि पीव्हीसी मिळून केलेल्या फळ्याही होत्या, पाण्याला अजिबात न बधणाऱ्या. त्या पायाला टाइलइतक्या गार नाहीत, पण हात लावला की प्लास्टिक. प्रत्येक वस्तू एक काहीतरी छान करत होती आणि एक काहीतरी करत नव्हती.

भिंतीचंही असंच झालं. हल्ली टीव्हीच्या मागे उभ्या पट्ट्यापट्ट्यांचं पॅनल लावतात, लाकडासारखं दिसणारं. सुताराने नमुना आणला. दुरून फार सुरेख दिसत होतं. सहज बोटाच्या पेराने वाजवलं तर आवाज रिकाम्या डब्याचा. खाचांत धूळ बसेल ती कुंचल्याने काढावी लागेल, हा हिशोब नंतरचा. त्या आवाजानेच माझं मन मागे आलं. मग त्याने व्हिनियर दाखवलं, सागाचा खरा पापुद्रा, कागदाइतका पातळ, प्लायवर चिकटवायचा. प्लाय त्याने सातशे दहाचा, म्हणजे पाण्याला टिकणारा, घ्या म्हणून सांगितलं, कारण ती भिंत बाथरूमच्या पाठची आहे, ओल आली तर साधा प्लाय सुटतो. हा प्लायसुद्धा बहुतेक शेतात वाढलेल्या झाडांचा असतो. उत्तरेत शेताच्या बांधावर पॉपलर आणि सफेदा लावतात, काही वर्षांत तोडतात आणि यमुनानगरच्या कारखान्यांना देतात. जंगल तोडून नव्हे, पीक काढून. हे ऐकून मला बरं वाटलं होतं. भिंतीला ते व्हिनियर लावलं. ती भिंत मला आजही आवडते. तिला कोणी पाय लावत नाही, हात क्वचित लावतं. बघायचीच आहे ती.

आईच्या पायाने मला हे एक शिकवलं. डोळ्यांना चित्र चालतं. डोळे आयुष्यभर चित्रं बघत आलेले आहेत, त्यांना त्याची सवय असते. पण जिथे तळपाय टेकतो, तळहात विसावतो, पाठ लागते, तिथे वस्तू जे दिसते तेच असावी. छतापर्यंतच्या कपाटाला सनमायका असो. त्याच्या मुठीला, जिन्याच्या कठड्याला, पलंगाच्या कडेला, दाराच्या उंबऱ्याला लाकूड असो. पैसे थोडेच असतील तर तिथे घालावेत. गिरगावातल्या चाळींचे लाकडी जिने आठवून बघा. पायऱ्या मधोमध झिजून वाटीसारख्या झालेल्या, आणि कठडा इतका गुळगुळीत की अंधारात हाताला वळण आधी कळायचं. दिवा गेलेल्या जिन्यात माणसं त्या कठड्याला धरून चार-चार मजले चढायची. त्या लाकडावर किती हातांचा घाम मुरलेला!

लाकूड घ्यायचं म्हटलं तरी मन मोकळं होत नाही, तेही सांगायला हवं. फेब्रुवारीत मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये गेले. करवतीचा तो चढता आवाज, हवेत भुशाची पिवळी धूळ आणि सागाचा वास, थोडा कातड्यासारखा, थोडा तेलकट. व्यापाऱ्याने ओंडक्याचं तोंड दाखवलं. बाहेरून पांढरट कडं, आत तपकिरी गाभा. "पांढरं वाळवी खाते, गाभ्याला हात लावत नाही," म्हणाला. लवकर वाढवलेल्या झाडात हे पांढरं जास्त येतं. त्याच्याकडे घानाचा साग होता, इक्वेडोरचा होता. बर्मा साग मागणाऱ्यांना तो जुन्या इमारतींतून निघालेल्या तुळया दाखवतो, कारण ब्रह्मदेशाने २०१४ साली ओंडक्यांची निर्यातच बंद केली. आणि एका बाजूला, वेगळा मांडून, आपल्याकडचा सीपी साग, चंद्रपूर-गडचिरोलीकडचा. "अयोध्येच्या दारांना हाच गेला, बल्लारपूरहून," तो अभिमानाने म्हणाला. सागाचा अभिमान वाटावा असाच आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागातून बांधलेलं 'ट्रिंकोमाली' नावाचं जहाज १८१७ साली पाण्यात उतरलं, ते आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगतं आहे. दोनशे वर्षं खाऱ्या पाण्यात!

पण मला आठवत होतं आलापल्ली. आठ-दहा वर्षांपूर्वी आम्ही तिथलं राखलेलं जुनं जंगल बघायला गेलो होतो, वनवैभव म्हणतात त्याला. तिथल्या सागाच्या बुंध्याला आम्ही तिघांनी हात धरून वेढा घालायचा प्रयत्न केला. पानगळ सुरू झाली होती, पायाखाली पापडासारखी मोडणारी, सुपाएवढी पानं. लहानपणी कोवळं सागपान तळहातावर चोळलं की हात रक्तासारखा लाल व्हायचा, तो खेळ मी तिथे मुलाला करून दाखवला. तो घाबरलाच. "झाडाला लागलं का?" म्हणाला. टिंबर मार्केटमध्ये तो ओंडका बघताना मला तेच वाक्य ऐकू आलं. घनफुटाचा भाव विचारला, त्याने सांगितला, आणि मी काही न घेता बाहेर आले. भाव परवडत नव्हता हे खरं आहे. पण फक्त तेवढंच कारण नव्हतं.

घरी येऊन आईला सांगितलं. ती म्हणाली, "साग कशाला हवाय? आपल्या माळ्याच्या फळ्या आहेत की गोठ्यात."

बारा वर्षांपूर्वी जुनं घर उतरवलं आणि तिथे स्लॅबचं बांधलं. तेव्हा वासे, भाल, चौकटी कोणी कोणी नेल्या, थोडं सरपणाला गेलं. माळ्याच्या अकरा फळ्या गोठ्यात आडव्या टाकलेल्या होत्या. गुरं गेल्यावर गोठाही रिकामाच. मार्चमध्ये भावाने त्यातल्या चार, किडीने न धरलेल्या, गाडीच्या टपावर बांधून आणल्या. करड्या, काळवंडलेल्या, कोळिष्टकांनी माखलेल्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये त्या उतरवल्या तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "होळीला का?"

सुतार मिस्त्री वयस्क, मूळचे राजापूरकडचे. त्यांनी गॅलरीत घोड्यावर पहिली फळी चढवली, खिळे शोधून एकेक उपटले, चौकोनी डोक्याचे, हाताने घडवलेले. मग रंधा लावला. पहिल्या दोन-तीन हातांना नुसती काळी पूड. मग रंध्यातून एक कुरळी पट्टी बाहेर आली आणि ती पिवळी होती. हळदीने हात माखावेत तशी पिवळी! पन्नास-साठ वर्षं धूर खाल्लेल्या त्या फळीच्या आत अजून फणस होता. बौद्ध भिक्षूंची वस्त्रं फणसाच्या गाभ्याच्या रंगात रंगवायची चाल आहे, हे मी ऐकून होते, पण तो रंग असा कपडा काढल्यासारखा फळीतून बाहेर येताना कधी बघितला नव्हता. आई आत स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होती, तिला काही दिसत नव्हतं. तिथूनच तिचा आवाज आला, "फणसाची काढली का रे आधी?"

मिस्त्री हसले. मी नाक फळीला लावलं तेव्हा कुठे मला तो वास आला, मंद, गोडसर, गऱ्याची आठवण देणारा. आईला तो दोन खोल्या ओलांडून आला होता.

तिच्या पलंगाच्या लांबीची, दीड फूट रुंद, जमिनीपासून दोन बोटं उंच अशी एक फळ्यांची बैठक करायची ठरली, पलंगाला लागून, हलू नये अशी पक्की. पाय अडकू नये म्हणून कड उतरती. मिस्त्रींनी खालच्या आडव्या पट्ट्यांना स्क्रूसाठी लंबगोल भोकं पाडली. मी विचारलं, तर म्हणाले, "लाकूड लांबीला हलत नाही, रुंदीला हलतं. पावसाळ्यात फुगणार, उन्हाळ्यात आकसणार. त्याला हलायला जागा नाही दिली तर ते फुटतं." वरून चकचकीत पॉलिश नको म्हणून आईनेच सांगितलं. जवसाचं तेल दोन हात दिलं, फडक्याने चोळून जिरवलं. एका फळीवर खालच्या बाजूला कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा होत्या, पाचपाचच्या जुड्या, आजोबांनी कधीतरी मोजलेल्या भाताच्या किंवा नारळांच्या. ती बाजू रंधली नाही. ती आता जमिनीकडे आहे, कोणाला दिसत नाही.

पहिल्या रात्री मी कान देऊन होते. पहाटे दिवा लागला. पाय टेकल्याचा आवाज आला, बारीक कुरकुर, माळ्यावर यायची तशी. मग काहीच नाही. मी दारातून बघितलं तर ती दोन्ही पाय खाली सोडून नुसती बसली होती. चपला पलंगाखाली होत्या. मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही.

मे महिन्यात मात्र वेगळंच झालं. दुपारी अडतीस अंशांच्या पुढे पारा, पंखा गरम हवा ढकलतोय. मी तिच्या खोलीत डोकावले तर आई पलंगावर नव्हती, फळ्यांवरही नव्हती. खिडकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, उघड्या टाइलवर, उशी न घेता, पदराची घडी डोक्याखाली घेऊन झोपली होती. गाल त्या ओकच्या चित्राला टेकलेला. जागी झाल्यावर म्हणाली, "काय गार आहे गं ही लादी! आपल्या माजघरासारखी." मला हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही. डिसेंबरात जी तिला परकी वाटली होती, तिच्यात तिला गाव सापडलं होतं, फक्त माळा नव्हे, माजघर. दिसायला तिच्यात माजघराचं काही नव्हतं. पाठीला होतं.

त्याच दिवसांत बैठकीच्या दोन फळ्यांमध्ये फट पडली. नखभर. मी मिस्त्रींना फोन लावायला निघाले होते, आईने अडवलं. रोज सकाळी अंघोळीहून आली की ती पलंगावर बसायची, वाकायची आणि त्या फटीतून अंगठ्याचं नख या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची. जूनमध्ये नख जेमतेम जायला लागलं. परवा, आषाढातल्या तिसऱ्या दिवसाच्या झडीत, मी तिच्यासाठी चहा घेऊन गेले तेव्हा ती तशीच वाकलेली होती. बाहेर पागोळ्यांचा आवाज. तिने नख फिरवलं, पुन्हा एकदा फिरवलं, मग कप घ्यायला हात पुढे केला.

"मिटली," म्हणाली.